साबणावरचे दात

ती. ताईस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. स्वतःसाठी म्हणून आणलेला एकुलता एक सुवासिक साबण काल कुणीतरी चावला! पुढचे चार दात त्यावर स्पष्ट उमटलेत.

मी दोन्ही मुलींना बाथरूममध्ये हजर केलं. थोरली लगेच म्हणाली, "मीच चावले." मी तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. शेवटी 'सॉरी' म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं, तिचे पुढचे दोन दात गेल्याच आठवड्यात पडलेत! धाकटीच्या तोंडाला मात्र अत्तराच्या दुकानासारखा वास.

"खोटं का बोललीस गं?"

"ती रडली की मला जेवण जात नाही."

बाकी आम्ही सगळे मजेत आहोत. फक्त या नव्या गावी आल्यापासून ही सात वर्षांची थोरली जरा जास्तच शहाणी झाली आहे. आईचा गुडघा कसा आहे?

आणि ताई, लहानपणी आईच्या नव्या शालीला कात्री मी लावली होती. मार मात्र तू खाल्लास. सोबतच्या चिठ्ठीत मी आईपाशी सगळं कबूल केलंय. ती तिला तुझ्यासमोरच, मोठ्यानं वाचायला सांग.

तुझी,
अजूनही धाकटीच