ताटाच्या कडेची नितकोर

टोकावडे, ५ फेब्रुवारी २०२४

सौ. गिरजाताईंस, नम्रताचा स. न. वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण बाबा शेजारी बसलेले असतात. आई गेल्यापासून त्यांचं जेवण तुटलं आहे. भाकरी वाढायला गेले की नितकोर म्हणतात. भात विचारला तर चार शितं, पेज घोटभर. माझ्या माहेरी, आसनगावला, चतकोरापेक्षा लहान तुकडा कुणी मागत नाही. सासऱ्यांना आग्रह कसा करावा, म्हणून मागतील तेवढंच वाढते. सदरा आता खांद्यावरून ओघळतो. डॉक्टर म्हणतात दुखणं काही नाही, खायला घाला. तुमचे भाऊ रागावले, तर बाबा ताटावरून उठून गेले. माझ्या हातचं त्यांना गोड लागत नसेल का? तुम्ही लेक आहात, खरं ते कळवा.

राग नसावा.
तुमची,
नम्रता

शहापूर, १० फेब्रुवारी

चि. सौ. नम्रतास अनेक आशीर्वाद.

हाताला नावं ठेवू नकोस. तुझी भाकरी माझ्यापेक्षा पातळ होते, हे आईच मला ऐकवायची.

आमच्या लहानपणी टोपलीत शेवटची भाकरी उरायची आणि आई जेवायची राहिलेली असायची. तिला उरावी म्हणून बाबा नितकोर मागायचे. ती चतकोर वाढायची, वर आपलं पोट भरलंय म्हणायची. पुढे टोपली भरलेली असली तरी दोघांचं हे सुटलं नाही. ते अजून मागून जेवणारीसाठी ठेवतात गं. तू मागाहून जेवतेस ना? आता आपलं ताट त्यांच्यासमोर घेऊन बस, टोपली उघडी ठेव. इथे बसून मला एवढंच सुचतं.

जीव लहान करू नकोस.
तुझी,
गिरजाताई

टोकावडे, १८ फेब्रुवारी

सौ. गिरजाताईंस, स. न. वि. वि.

ताट घेऊन समोर बसले. लाज वाटत होती. बाबांनी नितकोर म्हटलं, मी चतकोर वाढली. त्यांनी आधी टोपलीत पाहिलं, मग माझ्या ताटाकडे.

"तुला र्‍हायली ना गो?"

मी हो म्हटलं. त्यांनी चतकोर संपवली, मग अर्धी घेतली.

ते उठले तेव्हा ताटाच्या कडेला एक नितकोर ठेवलेली होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. टाकवेना, म्हणून मीच खाल्ली.

माया अशीच असू द्या.
तुमची,
नम्रता