जमादाराचे घमेले

धुळे, ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. रुपचंदास झुंबर अक्काचे आशीर्वाद. तुला एक थोरली बहीण आहे आणि ती धुळ्यात राहते, एवढं आठवतं ना? नसेल आठवत तर अमळनेरात कुणाला तरी विचारून ये, मग पुढे वाच. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे माणसं सगळी खुशाल. बोका तेवढा नाही. (बोलणारी मी, लिहिणारी सून प्रमिला, अक्षर चांगलं दिसलं तर ते तिचं.)

आखाजीच्या सणाला आलास तेव्हा सुकटीचं गाठोडं आमच्या माळ्यावर विसरून गेलास. (छत्री विसरला असतास तर निदान उन्हात कामाला आली असती.) आमच्या जमादार बोक्याने महिनाभर तेच खाल्लं. त्यात ऐन उन्हाळा, आणि पाणी पिणं त्याला कमीपणाचं वाटतं. गेल्या सोमवारी त्याचं मूत अडलं. राखेच्या घमेल्यात बसायचा, कण्हायचा, कोरडाच उठायचा. मी म्हटलं, माणसाला चालतं ते बोक्याला का नको? पळसाची फुलं उकळून पोटाला बांधली. मूत काही सुटलं नाही, रंग मात्र सुटला. पांढराशुभ्र बोका भगवा झाला. शेजारची भागाबाई दारातूनच म्हणते, “अक्का, हाऊ बोका शे का साधू?” एरवी मी तिला सोडली नसती, पण त्या दिवशी मी त्याच्या पोटावरचं फडकंच पुन्हा ओलं करत बसले. दुपारी त्याने मान टाकली तशी टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर बैलांचा, पण हात हलका. बारीक नळी घालून मोकळं केलं. म्हणाला, उद्यावर टाकलं असतं तर गेला असता. आता सुकट बंद, खाणं ओलं, पाणी पोटात गेलंच पाहिजे. आणि पुन्हा अडलं तर तासभरही थांबायचं नाही.

तेव्हापासून सकाळी आधी घमेल्याचं दर्शन, मग देवाचं. (प्रमिला लिहिता लिहिता हसते आहे. हेही लिही म्हटलं.) हे सारं तुझ्या गाठोड्यापायी, ध्यानात ठेव.

ता. क. मामांना प्रमिलाचा नमस्कार. हे माझं मी लिहिते. जमादार इतका जाडा की माळ्यावर चढतच नाही. गाठोडं सासूबाईंनीच काढलं आणि रोज मांडीवर घेऊन त्याला आपल्या हाताने भरवलं. आता घमेल्यातली राख भिजल्याशिवाय त्या स्वतः अन्नाला शिवत नाहीत. काल जेवायला दुपार झाली.

आणखी ता. क. प्रमिलेने मधे काहीतरी लिहिलं, मला वाचून दाखवलं नाही. पदराने डोळे पुसत होती, म्हणजे खरंच असेल. तू तेवढे तापीचे ताजे मासे पाठव, बिनमिठाचे, घागरभर पाण्यात जिवंत. आणि घागर मोटारीत चढवायला विसरू नकोस.