तू हॉटेलात उतरणार असल्याबाबत

आइंडहोवन, सोमवार, १६ जून २०२५

चि. मृदुला हिस मालिनीताईचे आशीर्वाद (तूर्त अर्धे, उरलेले उत्तर आल्यावर).

शनिवार, दिनांक १४ जून रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी (तुमच्या लेस्टरमध्ये तेव्हा तीन वीस झाले होते) तू माझ्याच टेबलावर उभ्या केलेल्या फोनमधून, तीन बायकांच्या देखत, मला डच म्हातारी म्हणालीस आणि सप्टेंबरात येशील तेव्हा हॉटेलात उतरशील असं जाहीर करून फोन ठेवलास. तुझा गुडघा कसा आहे? राजनरावांची साखर? दोघंही पथ्य पाळत नसणार असं गृहीत धरून पुढे लिहिते.

त्या तीन बायका कोण, ते नीट ऐकायला तू थांबली नाहीस. माझ्या खालच्या मजल्यावर हॉदन राहते. सोमालियाची, तीस वर्षं इथे हॉलंडातच, वृद्धाश्रमात परिचारिका, आणि जिन्यात कुणी सायकल लावली तर माझ्याआधी ओरडणारी एकमेव बाई, म्हणून आमचं जमतं. तिची धाकटी बहीण सागल. तीही पूर्वी याच गल्लीत होती, पण पुढे इथल्या कितीतरी सोमाली कुटुंबांसारखी मुलांना घेऊन तुमच्या लेस्टरला गेली. तिसरी त्यांची चुलतबहीण इफ्रा, अमेरिकेत मिनियापोलिसला असते. सागल आणि इफ्रा रविवारी यायच्या त्या शनिवारीच आल्या. हॉदनने दार उघडलं, दोघींना मिठ्या मारल्या आणि खिशातून डायरी काढून दाखवली की बघा, रविवार लिहिलाय. झालं. सागल बॅगेसकट तडक जिना चढून माझ्याकडे आली, तिच्यामागे इफ्रा, आणि दोघींच्या मागे डायरी घेऊन हॉदन. मी तिघींना बसवलं. न्यायनिवाडा करायला मला कुणी नेमावं लागत नाही, हे तू जाणतेसच.

सागलचं म्हणणं, लेस्टरला आमचं दार सताड उघडं असतं, पातेलं वीस माणसांचं चढतं, आणि ही माझी सख्खी बहीण मला वार विचारते, ही कसली सोमाली? हॉदन म्हणाली, तू मुलांना टाय बांधून शिकवणीला पिटाळतेस आणि विजेच्या खांबाला धडकलीस तरी सॉरी म्हणतेस, मला शिकवू नकोस. इफ्राच्या मते दोघीही कामातून गेलेल्या होत्या. खरे सोमाली मिनियापोलिसला, तिथे अख्खे बाजार आपले आहेत. (हे सांगताना तिने माझ्या वेलदोड्याच्या चहात घालायला बर्फ मागितला. दोघी बहिणींनी तिच्याकडे एकाच वेळी, एकाच नजरेने पाहिलं. नाकसुद्धा सारखं मुरडलं.) एकमत फक्त भाताबरोबर केळं हवंच यावर झालं, तेही घटकाभर, कारण हॉदन ते केळं सुरी-काट्याने खाते हे सागलने फोडलं.

मग खरी गंमत. हॉदनने विचारलं की लेस्टरच्या सोमाली बायका तुला काय म्हणतात ते सांग ना इफ्राला. सागल लाल झाली. तिकडे तिला 'ती डचवाली' म्हणतात. यावर दोघी अशा काही पेटल्या की माझ्यासाठी चाललेलं इंग्रजी आणि मधूनमधूनची सोमाली, दोन्ही मागे पडलं आणि अस्खलित डचमधून जुंपली. अगदी आपण दोघी रंगात आलो की कॉन्व्हेंटातल्या इंग्रजीवर घसरतो ना, तसंच. बिचाऱ्या इफ्राला डचचं अक्षर कळेना. तेव्हा दोन सोमाली बहिणींचं डच भांडण एका सोमाली बाईला इंग्रजीत समजावून सांगायचं काम सदाशिव पेठेत जन्मलेल्या मी केलं. एकही शिवी गाळली नाही.

शेवटी मी निकाल दिला. दोष हॉदनचा. पाठच्या बहिणीला वेळ घेऊन यायला सांगणं आपल्या लोकांत बसत नाही. असं म्हणत मी बिस्किटांचा डबा फिरवला, प्रत्येकीला एक दिलं आणि झाकण लावलं. तिघींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग 'माणशी एक बिस्किट आणि लगेच झाकण, ही तर इथल्या डच घरांची रीत' म्हणत हॉदन हसत खुर्चीवरून घसरली, आणि नेमका तेव्हा तुझा फोन आला. त्या बाईने तुला झाकणाचं सांगितलं. तू त्यांना सांगितलंस की ताईने मला सप्टेंबरचं निमंत्रण कॅलेंडरमधून पाठवलंय, यायच्या वेळेसकट आणि जायच्या वेळेसकट. सागलने तुला तुमचा रस्ता कुठला विचारलं, तुम्हा दोघींचं मेतकूट जमलं, आणि निकाल माझ्यावरच उलटला.

तू कोण बोलणारी? तुझ्या स्वयंपाकघरात पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं आणि तू प्लंबरला 'तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर' म्हणत होतीस. आईच्या पोटी जन्मून तू मगमध्ये पिशवी बुडवून चहा करतेस. मी डच असेन तर तू कोण आहेस, ते आरशाला विचार.

कळावे, लोभ असो, नसल्यास तसं कळव.

तुझी,
मालिनीताई

ता.क. : सागल गुरुवारी परत निघते. तिच्याबरोबर तुझ्यासाठी कैरीचं लोणचं पाठवते आहे. राजनरावांना देऊ नकोस. सागलला तोंडभर नावं ठेवून झाल्यावर हॉदनने तिला अजून एक आठवडा राहा म्हणून सांगितलंय, तेव्हा लोणचं उशिरा आलं तर समजून घे.

ता.ता.क. : काल दिवसभर खालून त्यांची भांडणं ऐकू येत होती. मी खिडकी उघडी ठेवून बसले होते. हे गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडत नाही गं. पुष्कर आणि संपदा दर रविवारी येतात आणि मी काहीही बोलले तरी 'बरं आई' म्हणतात. हॉटेलात उतरलेल्या माणसाशी नीट भांडता येत नाही, ते रात्री जेवून निघून जातं. यांची खोली मी रिकामी करून घेतली आहे, खिडकी तुला आवडते तशी पूर्वेची आहे. जायची तारीख तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. हॉटेल रद्द केल्याचं उत्तर सोमवार, ३० जून, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी मिळालं पाहिजे. लेखी म्हणजे फोनवरचं अंगठ्याचं चित्र नव्हे.