ताईला दिलेली तीस दिवसांची मुदत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा आता वाकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सातच अंगं टेकतील. आठव्याची भावना समजून घ्यावी.)

माझं चुकलं.

(एरवी आधी ख्यालीखुशाली आणि मग मुद्दा, हे मलाही कळतं. पण हे वाक्य सगळ्यात वर घ्यायचं, असं एकोणीस देशांच्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवलं आहे. ते कसं, ते पुढे येईलच.) तर तुझी तब्येत कशी आहे? पाठ धरते का अजून? शिवणयंत्राचं पायडल कुरकुरतं का, की आपल्या थोरल्या भावाने शेवटी तेल घातलं? शेजारच्या शिक्षिकाबाई पेपर वाचायला नेऊन शब्दकोडं सोडवूनच परत देतात का? माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. दिवसभर बोलायला कोणी नसल्यामुळे घसा उत्तम आहे.

मी नक्की काय काम करतो हे तुला गेल्या सव्वीस वर्षांत मी नीट सांगितलंच नाही. नोकरी लागल्यावर 'ध्रुवीय संशोधन' एवढंच ऐकून तू तो जाडजूड स्वेटर विणून दिलास आणि अख्ख्या गावाला सांगितलंस की आमचा धाकटा बर्फात राहतो. मी तसंच राहू दिलं. खरं म्हणजे मी एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसतो. दोन खोल्या, एक कपाट, भिंतीवर ध्रुवाचा नकाशा, आणि खिडकीतून समोरच्या गॅरेजची भिंत. बर्फ मी फक्त सरबतात पाहिला आहे. (स्वेटर मात्र रोज घालतो. त्या खोलीत ऊन येत नाही.) बर्फावर एकोणीस देशांचे शास्त्रज्ञ जातात, आणि त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नयेत म्हणून त्यांच्यातल्या जाणत्या लोकांचे गट आहेत: बर्फवाले, पक्षीवाले, हवावाले, समुद्रतळवाले. कोणाचं जहाज कधी निघणार, त्यात दुसऱ्याची चार माणसं मावतील का, एकाच जागी तिघांनी भोक पाडायचं की एकानेच पाडून तिघांना नमुने द्यायचे, हे सगळं हे गट ठरवतात. आणि ठरलेलं लिहून सगळ्यांना पाठवायचं हे माझं काम. मी सचिव. (माझ्या हाताखाली कोणी नाही, त्यामुळे मी कोणाचा सचिव हे विचारू नकोस.) ऑनलाइन बैठकीत खालच्या डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं की बर्फात भोकं पाडणारी मंडळी कान टवकारतात आणि विचारतात, यंत्र कुठल्या बनावटीचं?

उदाहरण देतो, म्हणजे कामाचं महत्त्व कळेल. बर्फात काठी रोवून ठेवतात आणि दरवर्षी जाऊन मोजतात, की बर्फ किती चढला. आता एक देश काठीचा वर राहिलेला भाग लिहायचा आणि दुसरा देश बुडालेला. त्यामुळे एकाच मैदानावर एकाच्या वहीत बर्फ वाढत होता आणि दुसऱ्याच्या वहीत आटत होता, आणि दोघेही त्यावर भाषणं देत हिंडत होते. सगळ्यांनी वरचाच भाग लिहायचा, हे ठरायला नऊ वर्षं लागली. कारण आमच्याकडे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं, आणि शहाणी माणसं एकमत व्हायला फार वेळ घेतात. म्हणून आमच्याकडे एक युक्ती आहे, तिला मौनमुदत म्हणतात. मसुदा सगळ्यांना पाठवायचा, खाली लिहायचं की तीस दिवसांत हरकत आली नाही तर संमती आहे असं धरू. लोक उत्तरं द्यायला आळशी असतात, तीस दिवस उलटतात आणि निर्णय होतो. सव्वीस वर्षं मी असे निर्णय करत आलो. माणूस गप्प आहे म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही, हे माझ्या हाडीमांसी खिळलं आहे.

आता तो विषय. भाऊजी गेले तेव्हा मी चार दिवस आलो आणि परिषद आहे म्हणून पाचव्या दिवशी निघालो. (परिषदेत खुर्च्या मांडायच्या होत्या. त्या दुसऱ्या कोणीही मांडल्या असत्या.) परतल्यावर तुझी काळजी वाटायला लागली, ती खरीच वाटत होती ताई, आणि मला काळजी वाटली की मी मसुदा करतो. तुला पत्र लिहिलं: तू एकटीने तिथे राहू नयेस, थोरल्याकडे राहायला जावंस, सामानाची यादी सोबत जोडली आहे, तीस दिवसांत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल. तू उत्तर दिलं नाहीस. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईला पत्राला उत्तर द्यावंसं वाटत नसेल, हे आमच्या नियमावलीत नाही. एकतिसाव्या दिवशी मी थोरल्याला कळवलं की ताईची संमती आहे, आणि तो बिचारा सकाळी सात वाजता टेम्पो आणि दोन हमाल घेऊन तुझ्या दारात उभा राहिला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. तू तिघांना चहा दिलास. यादी वाचलीस. मग मागच्या खोलीतली माझी खाट तेवढी टेम्पोत चढवलीस आणि म्हणालीस, "हे एवढंच सामान या घरात आता नको आहे." ती खाट सध्या थोरल्याच्या गॅलरीत आहे. तिच्यावर कुंड्या आहेत.

त्याला दोन वर्षं झाली. तू फोन उचलत नाहीस आणि ते योग्यच आहे. मी मधल्या काळात तुला अकरा पत्रं लिहिली. पाठवलं एकही नाही, कारण प्रत्येकात काहीतरी कमी वाटायचं. मग घरून लिहिणं सोडून ऑफिसातून लिहायला लागलो, तिथे निदान खालच्या दवाखान्यात कोणीतरी ओरडत तरी असतं. सुट्टीच्या दिवशी माझ्या खोलीत इतकी शांतता असते की फ्रिजचं यंत्र बंद पडलं की मी दचकून बघतो. एकदा चुकीचा नंबर लागून एका बाईंचा फोन आला, त्यांना गादीवाला हवा होता. आम्ही वीस मिनिटं बोललो. कापसाबद्दल मला आता बरंच कळतं.

तर अकरावं पत्र. तीन महिन्यांपूर्वी काठीच्या नियमांचा सुधारित मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा होता. संगणकावर तुझ्या पत्राच्या मसुद्याचं नाव होतं 'अंतिम' आणि काठीच्या मसुद्याचं 'अंतिम खरा'. पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. (तू शिवणक्लासात मुलींना सांगायचीस, कापडावर आधी खूण करा, मग कात्री लावा. मी ते कधीच शिकलो नाही.) एकोणीस देशांच्या तज्ज्ञांना 'ती. ताईस' अशी सुरुवात असलेलं पत्र, संगणकाने आपोआप केलेल्या भाषांतरासकट, गेलं, तीस दिवस गेले, आणि एकाचीही हरकत आली नाही. परिषदेच्या जाड पुस्तकात ते परिशिष्ट सहा म्हणून छापून, शिवून तयार झालं. मी ते पुस्तक स्वतः प्रत्येकाच्या टेबलावर ठेवलं. कोणीच वाचत नाही, त्यात मीही आलो.

परिषदेत अध्यक्ष भराभर म्हणत गेले: परिशिष्ट चार, हरकत नाही, मंजूर, पाच, हरकत नाही, मंजूर, सहा, हरकत नाही... तेवढ्यात मागून हात वर झाला. बर्फवाल्यांमधल्या सगळ्यात वडील बाई. त्यांना सगळे आजी म्हणतात. बर्फावरच्या तळावर त्यांनी चार हिवाळे काढले आहेत. तिथे हिवाळाभर सूर्य नसतो आणि तीच आठ माणसं. आजी म्हणाल्या, "परिशिष्ट सहाला माझी दुरुस्ती आहे. चौथ्या परिच्छेदात गृहस्थ माफी मागतात. ती पहिल्यात घ्या. आणि शेवटी यांनी बहिणीला तीस दिवसांची मुदत दिली आहे. ती काढा. मुदत काय देता बहिणीला?"

(होय ताई. अकराव्या पत्रातही मी मुदत घातली होती. सवय.)

साठ माणसांनी एकदम पान उलटल्याचा आवाज कसा येतो, ते मी त्या दिवशी ऐकलं. मला वाटलं आता हसतील. कोणी हसलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या सभागृहात माझा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला गेला. मग चर्चा सुरू झाली. समुद्रतळवाल्यांचं म्हणणं पडलं की खाटेचा उल्लेख मोघम आहे. हवावाले म्हणाले, 'काळजीपोटी' हा शब्द गाळा, तो बचाव वाटतो. आणि पक्षीवाल्यांच्या तरुण बाईंनी विचारलं की यात ताईंचं मत कोणी घेतलं आहे का? त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका साधा प्रश्न मला आजवर सुचला नव्हता, आणि मी सगळ्या देशांसमोर उभा राहून नाही म्हणालो. दुरुस्त्या एकमताने मंजूर झाल्या. काठीचे नियम पुढच्या वर्षीवर गेले. नंतर अध्यक्षांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, तुमच्या पत्राचा नमुना मिळेल का? त्यांना एक भाऊ आहे म्हणे.

तर हे पत्र त्या दुरुस्त्यांसकट पाठवतो आहे. यात माझी काही मागणी नाही. तुझी ख्यालीखुशाली कळावी आणि मी काय काम करतो ते तुला एकदा ठाऊक असावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझा,
धाकटा

ता. क. १: पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतो. निरोपाला भिंतीवरचा नकाशा मलाच देणार आहेत. माझ्या खोलीत तेवढी भिंत नाही.

ता. क. २: तुझ्या मागच्या खोलीत तेवढी भिंत आहे. खाट नाही, ते मला माहीत आहे. मी खाली झोपेन. तुझं मत विचारतो आहे, ताई: मी येऊ का?

ता. क. ३: उत्तराला मुदत नाही. (माझ्या खोलीचा करार पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला संपतो, हे फक्त माहितीसाठी. नाही, हे खोडलं आहे असं समज. आजींना कळलं तर बोलतील.)

ता. क. ४: या वेळी तू गप्प राहिलीस तर मी ती संमती धरणार नाही आणि नकारही धरणार नाही. काय धरायचं ते मला कळणार नाही, म्हणून सोबत तिकीट लावून, माझा पत्ता घालून एक कोरं कार्ड ठेवलं आहे. त्यावर 'हरकत आहे' एवढंच लिहून टाकलंस तरी चालेल. तुझं अक्षर तरी बघायला मिळेल.