पुतळ्याच्या चार ओळी

१२ ऑक्टोबर

ठरलं! यंदा धाकटा राजपुत्र आणि त्याची बायको. पबमध्ये हात वर करून मतं घेतली. पंतप्रधानांच्या बाजूनं जेमतेम तीन हात! पाच नोव्हेंबरच्या होळीत दोघांचा कागदी पुतळा जळणार, पोटात फटाके भरून. दरवर्षी गाव ज्याच्या नावानं सर्वात जास्त बोटं मोडतं, त्याचाच मान.

होळी मंडळाचा कप्तान डेरेक पेलिंग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "विल्फ, आगीआधी म्हणायच्या ओळी तू लिही. तुला ते यमक-बिमक जमतं." जन्म या गावात गेला. कुणी कधी कविता मागितली नव्हती. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

१४ ऑक्टोबर

उद्या कॉलिन येतोय — बायको एफुआ आणि छोट्या नेलला घेऊन, राहायलाच! त्याला इथल्या लाकूडवखारीत काम मिळालं. "आमचं घर मिळेपर्यंत हं, बाबा," म्हणाला. मी मनात म्हटलं, न मिळो.

नेल माझ्याच शाळेत जाणार. तीच लाल विटांची भिंत, तेच चेस्टनटचं झाड. खिडकीपाशी मिस एकहर्स्ट उभ्या राहायच्या आणि पट्टीनं मेजावर ताल धरायच्या. "पुस्तकात असते ती छापील. पाठ होते ती कविता. आणि पाठ झालेलं मरेपर्यंत जात नाही, मुलांनो." खरंच गेलं नाही. मेरीचा चेहरा हल्ली धूसर होतो — माझी बायको, चाळीस वर्षांची सोबत! — पण दुसरीतली नदीची कविता, ओळन् ओळ आहे.

माझी एखादी नेलला पाठ झाली तर! एवढंच. जास्त काय मागणार?

१७ ऑक्टोबर

घर भरलं. जिन्यात छोटे बूट. एफुआनं शेंगदाण्याचं कालवण केलं, तिच्या आईच्या घानातल्या पद्धतीचं. नाकातून पाणी आलं, तरी दोनदा घेतलं.

डेरेकला पहिल्या ओळी दाखवल्या. वाचून म्हणतो, "ही कविता आहे की वाढदिवसाचं कार्ड? जाळायचंय त्यांना, विल्फ, पाळण्यात घालायचं नाहीये!" सगळा पब हसला. मीही हसलो.

२० ऑक्टोबर

पेन्सिली ठेवतो त्या मगावर राजपुत्राचं आणि तिचं चित्र आहे — लग्नातलं. त्या दिवशी हाय स्ट्रीटभर टेबलं मांडली होती. पताका, काकडीची सँडविचेस. पडद्यावर ती हसली आणि डेरेकची बायको मॉरीन हमसून रडली. "दातांची डॉक्टरीण म्हणे! कुठल्याशा बेटावरून आलेली, पण काय गोड पोर आहे!" मी स्वागतपर सोळा ओळी लिहिल्या होत्या. अर्ध्यात बँड सुरू झाला. त्यातली एकही ओळ आज कुणाला सांगता येणार नाही.

मग बाळ झालं. तिनं ते राजवाड्याच्या सज्जात आणून दाखवलं नाही, आणि राजपुत्र पदबिद सोडून तिच्या बेटावर राहायला गेला. संपलं. मॉरीन परवा म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिचे दात बघूनच ओळखलं."

२३ ऑक्टोबर

आल्या! चहा गाळता गाळता, आपोआप —

दातवाली बाई आली, चिमटा घेऊन हाती,
उपटून नेला राजा आमचा, उरली नुसती माती!
जा गं बाई, जा गं बाई, आल्या वाटेनं जा,
इथला नाही कण तुझा, देश सारा आमचा!

ताल बघा! मिस एकहर्स्टची पट्टी थांबली नसती. राजपुत्राला राजा केलं, पण वृत्तासाठी तेवढं चालतं.

२६ ऑक्टोबर

डेरेकनं मला टेबलावर उभं करून चारदा म्हणायला लावलं. चौथ्यांदा सगळा पब माझ्याबरोबर. "विल्फ होड, इतकी वर्षं कुठे लपला होतास रे, लबाडा?" तीन बिअर आल्या, एकीचेही पैसे घेतले नाहीत.

२९ ऑक्टोबर

एफुआनं ऐकलंच. मी बागेत म्हणून बघत होतो. ती कपडे वाळत घालत होती. हातातला शर्ट दोरीवर नीट पसरला. मग म्हणाली —

"बाबा, त्या राजपुत्राच्या लग्नाच्या वर्षी अनोळखी लोक मला रस्त्यात थांबवून म्हणायचे, अगदी तिच्यासारखी दिसतेस. मी काही तिच्यासारखी दिसत नाही. पण गोड वाटायचं. काल तुमच्या बेकरीतली बाई म्हणाली, अगदी तिच्यासारखी. तेच शब्द. आणि पाव हातात न देता काउंटरवर टाकला."

मी म्हटलं, "अगं, एका संध्याकाळचा तमाशा हा. पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी."

"मग एका संध्याकाळपुरतं तुम्ही नका म्हणू."

चिमट्यांची टोपली उचलून आत गेली. कॉलिन रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, दुसऱ्या कुणाला म्हणू दे ना. डेरेकला."

डेरेकला! तो 'माती'च्या आधीच श्वास घेतो, ताल मोडतो.

२ नोव्हेंबर

पुतळा उभा राहिला. तिचे दात पांढऱ्या बाथरूम-टाइल्सचे केलेत. चेहऱ्याला रंग जरा जास्तच काळा लावलाय. मी तसं म्हटलं. डेरेक म्हणाला, "लांबून दिसायला नको?"

मी टाइलचे दात मोजत बसलो.

५ नोव्हेंबर

म्हटली.

मशालींची रांग नदीपर्यंत. मंडळाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जर्स्या, ढोल, डांबराचा वास — पोरवयात वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेलं सगळं तसंच. मी चौथऱ्यावर. पहिल्यांदा म्हटली, तेव्हा शांतता. दुसऱ्यांदा निम्मं गाव. तिसऱ्यांदा माझा आवाज मलाच ऐकू येईना! हजारो तोंडांत माझी ओळ! आधी तिचं डोकं उडालं, मग त्याचं. टाइलचा एक तुकडा माझ्या पायाशी पडला.

एफुआ आली नव्हती. कॉलिन नेलला घेऊन मागे उभा होता. ती त्याच्या खांद्यावर उड्या मारत ओरडत होती, "ते माझे आजोबा! ते माझे आजोबा!"

६ नोव्हेंबर

सकाळी नाश्त्याला नेल खुर्चीवर उभी राहिली आणि अख्खी म्हणून दाखवली! एकाच संध्याकाळी ऐकून! अगदी हात पुढे करून — "इथला नाही कण तुझा". समोर आईच होती.

एफुआनं तिच्या टोस्टवरचं लोणी नीट शेवटपर्यंत लावलं. मग कोट घालून, कामाची वेळ व्हायची होती तरी, निघून गेली.

माझे डोळे भरून आले होते. कशानं, ते इथेही लिहवत नाही. पण पाठ झाली. झाली पाठ!

७ नोव्हेंबर

नेल शाळेत सगळ्यांना सांगून आली, गावाची ती कविता माझ्या आजोबांची. मी हसलो. कॉलिन हसला नाही.

१० नोव्हेंबर

बेकरीवालीनं मला एक बन फुकट दिला. "कवी महाराज!" पाव कापताना गुणगुणत होती — माझीच.

एफुआ घरं बघायला गेली. या गावातली नव्हे.

१३ नोव्हेंबर

नेलच्या पोटात दुखतं म्हणे. ताप नाही. विचारलं तर भिंतीकडे तोंड. मी नदीची कविता म्हणू लागलो. तिनं कानांवर हात ठेवले.

१६ नोव्हेंबर

एफुआ मुख्याध्यापिकांना भेटून आली. मधल्या सुट्टीत चेस्टनटखाली पोरं नेलला मध्ये घेऊन गोल धरतात आणि म्हणतात. चारी ओळी, तालात, टाळ्या वाजवून. रोज. बाई म्हणाल्या, "बंद केलं तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात. काय करणार, सगळ्यांना पाठच आहे."

एफुआनं हे सांगितलं ते माझ्याकडे न बघता, बॅग भरता भरता.

१७ नोव्हेंबर

गाडी दाराशी. नेल खिडकीची काच खाली करून म्हणाली, "आजोबा, पाठ झालेली विसरतात कशी?"