कळसापासून पायरीपर्यंत

प्रिय ममता,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. जावईबापूंना माझा रामराम सांग. सुरतेच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिलेलं पार्सल परवा शहाद्याच्या स्टँडवर उतरवून घेतलं. काच शाबूत आहे. जुन्या चादरीत असं गुंडाळलं होतंस की सोडवता सोडवता मला घाम फुटला. शेवटी मायचीच लेक तू. फोनवर मी "छान आहे" म्हणालो आणि लगेच केळीच्या भावावर घसरलो, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तर खरं सांगतो. तुझ्या मायचा तो फोटो अजून भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध, भिंतीत खिळा ठोकून तयार आहे, पण फोटो लावायला हात वर जात नाही. तुझा आवाज ऐकला की माझ्याने खरं बोलवत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

काल सकाळी पाय मोकळे करायला गोमाई नदीकाठच्या देवळाकडे गेलो होतो. आपलं महादेवाचं देऊळ तू आता ओळखणार नाहीस. काळ्या दगडाला पिवळा ऑइलपेंट फासलाय, पायऱ्यांना न्हाणीघरासारख्या फरश्या बसवल्यात आणि पुढे पत्र्याची मोठी शेड केलीय. लोकांची उन्हापावसाची सोय झाली, ती चांगलीच झाली. पण फोटो घ्यायला गेलं तर नुसता कळस पत्र्यावर दिसतो, कोणी टोपी विसरून गेल्यासारखा. एक नवं जोडपं मोबाईलवर फोटो काढत होतं. गालाला गाल, दोघांची तोंडं चौकट भरून आणि महादेव कुठेतरी कानामागे. मला हसू आलं. आमच्या वेळी सगळं उलटं होतं, देऊळ चौकट भरून आणि माणूस मुंगीएवढं.

मला हे वेड लावलं वहाबभाईने. तुला तो आठवेल, स्टँडजवळच्या स्टुडिओत बसायचा, तू गेलीस की बडीशेपेच्या गोळ्या द्यायचा. मी कारखान्यात उसाच्या काट्यावर होतो, हंगाम संपला की हातात वेळच वेळ. त्याचा जुना कॅमेरा घेतला आणि देवळाचे फोटो काढून त्याला दाखवायला नेले. सगळ्यांत देऊळ मागे कललेलं, जेवून ढेकर देत बसल्यासारखं. वहाबभाई पोट धरून हसला. म्हणाला, "सुपडूभाई, देऊळ तर उभंच शे. तू कोठे उभा शे, ते पहाय आधी." एवढीच माझी शाळा. जवळून कॅमेरा वर उचलला की शिखर मागे पडतं, म्हणून लांब जायचं. लांब जाऊनही भागलं नाही तर उंचावर चढायचं. एकदा मी शेजाऱ्याच्या बैलगाडीवर चढलो आणि ऐन वेळी बैलाने माशी झटकली. त्या फोटोत नुसतं आभाळ आलं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात नक्षी मरते. सकाळचं तिरपं ऊन आलं की भाकरीला सुटावेत तसे दगडाला पदर सुटतात. मात्र तेव्हा सूर्य पाठीशी असतो, तर आपली सावली चौकटीत शिरू द्यायची नाही. वहाबभाई त्याला फार जपायचा. म्हणायचा, "फोटू काढणारा फोटूत दिसला, मग तो कच्चा कारागीर."

आणि एक गोष्ट त्याने शिकवली, ती तुझ्या मायला भोवली. नुसत्या देवळाच्या फोटोत देऊळ किती उंच ते कळत नाही. पायथ्याशी माणूस उभं करावं लागतं. आता रोज सकाळी नदीकाठी माणूस कुठून आणायचं. तुझी माय, कौसाबाई, महादेवाला पाणी घालायला यायचीच. ती खालच्या पायरीपाशी उभी राहायची, तोंड देवाकडे, पाठ माझ्याकडे, कारण तोंड इकडे असलं की बघणाऱ्याची नजर देवळावरून हटते. हा नियमही माझाच. "अजून कितला येळ उभी ऱ्हाऊ? चुल्हावर दाय शे मन्ही," असं ती ओरडायची, आणि मी म्हणायचो, जरा डावीकडे. एकदा तर चिडून म्हणाली, "तुम्हले बायको नही, मोजपट्टी जोयजे व्हती." वहाबभाईला हे सांगितलं तर तो आठवडाभर तिला मोजपट्टीभाभी म्हणत होता. तिनेही त्याचा चहा आठवडाभर बिनसाखरेचा केला.

मी तिला किती वेळा म्हटलं, एक फोटो तुझा एकटीचा काढू, स्टुडिओत, खुर्चीवर बसवून. ती म्हणायची, "मन्हा कसाले? देऊळना काढा." असं करता करता ती गेली, आणि घरात तिच्या पाठीचे ढीगभर फोटो आहेत. तोंड दिसतं असा एकच निघाला, तो तुला तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत सापडला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाचा आहे तो. पौषातली सुट्टीची सकाळ होती, थंडीने माझी बोटं आखडलेली. कळसाच्या वर बोटभर आभाळ ठेवायचं, खाली शेवटची पायरी धरायची, या गडबडीत मी होतो. तेवढ्यात ती मला काहीतरी सांगायला वळली आणि माझं बटण दाबलं गेलं. तो फोटो मी बिघडलेला म्हणून बाजूला टाकला होता. तिने कधी उचलून ठेवला मला माहीत नाही.

त्यातून तू तिचं तोंड मोठं करवून घेतलंस. तुझं काही चुकलं नाही, पोरी. लहानपणी अंगणात बसवून, बोटांची चौकट करायला लावून मीच तुला शिकवलं, की कामाचं नाही ते बाहेर ठेवायचं. तू तेच केलंस. पण तिकडच्या कॉम्प्युटरवाल्याने तिचा रंग उजळवला, नाकाशी खेळला, आणि तिचं बोलतं तोंड मिटवून त्याला हसू चिकटवलं. बाई देखणी आहे. सून शोधणाऱ्याने पसंत करावी अशी आहे. पण ममता, कौसाबाईचं तोंड जन्मात कोणाला मिटवता आलं नाही, मलाही नाही आणि तुलाही नाही. ही भिंतीवर चढली तर मी हिच्यासमोर रोज जेवू कसा? ती मला "मीठ कमी पडनं का?" असं विचारणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते सांगतो. त्या सकाळी ती वळून म्हणत होती, "अहो, तुम्हनी सावली मन्हा पायवर पडी ऱ्हायनी." मूळ फोटोत बघ. पायऱ्यांच्या अलीकडे जमिनीवर एक लांब काळी आकृती आहे, कोपर बाहेर काढून कॅमेरा धरलेली, आणि त्या आकृतीचं डोकं बरोबर तुझ्या मायच्या पायाला टेकलंय. तो मी आहे. आयुष्यभर मी तिच्यासमोर उभा राहिलो, शेजारी उभा राहून फोटो काढून घ्यायचं कधी सुचलं नाही. आम्ही दोघं एका चौकटीत आहोत असा तो एवढाच फोटो. निगेटिव्ह मी केव्हाच गमावली. म्हणून मला मूळ फोटो पाठव, कळसापासून पायरीपर्यंत, जसा आहे तसा. खिळ्याला तोच लावीन, आणि लोकांना तिचं तोंड बारीक दिसलं तर दिसू दे, जवळ येऊन बघतील. तुझी चौकट मी आतल्या कपाटावर ठेवीन, ती तुझ्या मायेची आहे. आणि त्या माणसाने मूळ कागदच कापला असेल, तर मला लपवू नकोस, मी रागावणार नाही. फक्त खालची कापलेली पट्टी त्याच्या टेबलाखाली कुठे पडली असेल तर शोधायला लाव. मी इथे जोडून घेईन.

तुझाच,
आबा