पुरे म्हणणारं माणूस

ती. सौ. वहिनी,

वाकून नमस्कार. (वाकणं जमतं, पण जोडलेले हात कपाळापर्यंत नेणं अजून जमत नाही, उजवा हात छातीशीच थांबतो. नमस्कार अर्धाच केला असं समजू नका, उरलेला खांद्यात अडकला आहे.) दादाचा रक्तदाब कसा आहे? गोळी गिळतो का, की अजूनही गालात धरून ठेवतो आणि तुमची पाठ वळली की कुंडीत टाकतो? तुमच्या गुडघ्यांची चौकशी या खेपेला मुद्दाम करत नाही. मागच्या पत्रात केली तर तुमच्या उत्तराची सगळी पानं गुडघ्यांतच संपली आणि माझ्याबद्दल विचारायचं राहून गेलं. इकडे सगळं ठीक. तुमच्या जाऊबाई मजेत आहेत, म्हणजे माझ्याशी बोलत आहेत.

खांद्याची हकिगत थोडक्यात सांगतो. (माझं थोडक्यात तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा चहा शेजारी घेऊन बसा.) आयुष्यभर मी अमूर्त चित्रं काढली. कुणी ‘हे काय आहे’ विचारलं की ‘काही नाही, चित्र आहे’ असं सांगत आलो. दुखणं मात्र मिळालं ते असं मूर्त, की सदऱ्याच्या बाहीत हात घालतानासुद्धा दिसावं. एका सकाळी मोठ्या कॅनव्हासच्या वरच्या कोपऱ्यात रंग लावायला हात उचलला, तो वाटेतच थांबला. खांदा आखडला होता. डॉक्टर म्हणाले, काही महिने हात वर न्यायचा नाही, व्यायाम करायचा आणि धीर धरायचा. यातलं मला फक्त पहिलं जमण्यासारखं होतं.

हात वर जात नाही म्हणून मी कॅनव्हास खाली आणला, म्हणजे जमिनीवर अंथरला आणि तंत्राचे प्रयोग सुरू केले. आधी ब्रश काठीला बांधला. ब्रश एकीकडे जायचा, काठी दुसरीकडे आणि मी तिसरीकडे. मग सॉसच्या रिकाम्या बाटल्यांत रंग भरून धारा सोडल्या. (बाटल्या रिकाम्या होत्या असं माझं म्हणणं. तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं वेगळं आहे.) मग ओला कॅनव्हास गॅलरीत दोरीवर टांगून रंग आपोआप ओघळू दिले. ते खरंच सुंदर ओघळले. आमच्या गॅलरीतून निघून खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या पांढऱ्या शर्टापर्यंत गेले. कला लोकांपर्यंत पोचली पाहिजे असं मी नेहमी म्हणायचो, पण ती अशी कॉलरवर पोचेल असं वाटलं नव्हतं. वकील सभ्य माणूस. शर्ट वर आणून दिला आणि ‘तुमचाच आहे, ठेवा’ म्हणाले.

शेवटी हाताला लागला तो फरशी पुसायचा वायपर. त्याच्या रबराचा एक कोपरा झिजलेला होता, त्यामुळे रंग ओढला की मागे एक रेघ राहायची. तशी एक निळी रेघ खालच्या डाव्या बाजूपासून वर उजवीकडे गेली, आणि वहिनी, मला वाटलं, इतक्या वर्षांत इतकी सरळ मनाची रेघ मी काढली नव्हती. मी हिला हाक मारली. हिने चित्र पाहिलं, मग वायपर पाहिला आणि शांतपणे सांगितलं की हा एकतर कलेचा आहे किंवा न्हाणीघराचा, काय ते आज ठरवा.

आता घरात चित्रं इतकी झाली की पलंगाखालचीसुद्धा जागा संपली. हिने सुचवलं, वाटून टाका. मी वाटायला लागलो आणि माणसं ओळखू आली. चार भिंतींच्या घरात राहणारा माझा मित्र म्हणाला, ‘अरे, आमच्याकडे भिंतच नाही.’ हिच्या भावाने चित्र ठेवून घेतलं. पुढच्या भेटीत दिसलं की त्यांच्या इस्त्रीच्या टेबलाची उंची वाढली आहे. आपण होऊन चित्र मागितलं ते एकाच व्यक्तीने, माझ्या खांद्याचा व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला ओल आली होती. त्यांनी डागाचं माप दिलं आणि मी त्या मापात बसणारं चित्र नेलं. ते नेमकं निळ्या रेघेचं निघालं.

बाहेरच्या खोलीत बाकं समोरासमोर आहेत, त्यामुळे अर्ध्या रुग्णांना माझं चित्र बघण्यावाचून सुटका नव्हती. मानेला पट्टा लावलेले एक गृहस्थ रोज चित्रासमोर बसायचे. ते एवढे तन्मय होतात म्हणून मी सुखावलो होतो. मग कळलं, त्यांना मान वळवताच येत नाही. मॅडमनी तर कळसच केला. निळी रेघ त्यांना फार सोयीची वाटली. प्रत्येक आखडलेल्या खांद्याला त्यांनी चित्रासमोर उभं करून बोट रेघेवर ठेवून वर न्यायला लावलं. सगळ्यांची प्रगती माझ्या चित्रावर मोजली जाऊ लागली. रेघ मलमाने तुकतुकीत झाली. माझी पाळी आली तेव्हा माझं बोट माझ्याच रेघेच्या मध्यावर थांबलं. मॅडम म्हणाल्या, पुढचं चित्र काढाल तेव्हा रेघ थोडी वर न्या, काहींचा हात आता पुढे जातोय. मी होय म्हणालो. एकदा थकलं की माणूस कशालाही होय म्हणतो.

त्याच खोलीत एक बाई चाकाच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. पक्षाघाताचा झटका आला होता. सगळं कळायचं, पण शब्द ओठांपर्यंत येत नव्हता. झटक्यापासून एकही आला नव्हता. त्यांची लेक त्यांना घेऊन यायची आणि खुर्ची माझ्या चित्रासमोर लावायची. एकदा तिने मला गाठून हळूच सांगितलं, आईला तुमचं चित्र फार आवडतं, तिची नजर त्यावरून हलत नाही. मी नम्रपणे मान खाली घातली. (ही नम्रता मी तरुणपणी आरशासमोर बसवली होती, वापरायची वेळ क्वचितच आली.) आणि तेवढ्यात बाईंनी डावा हात उचलला, चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं, चेहरा लाल होईपर्यंत कशाशी तरी झटापट केली आणि म्हणाल्या, ‘वाकडं.’

मग लेकीने तोंडावर हात धरला आणि ती रडू लागली. बाई पुन्हा म्हणाल्या, ‘वाकडं,’ आणि या खेपेला अगदी शाळेतल्यासारखं खणखणीत. मॅडम आतून धावत आल्या. मानेच्या पट्ट्यावाले गृहस्थ अंगासकट वळून टाळ्या वाजवायला लागले. लेकीने माझे दोन्ही हात धरले, (उजवा जरा जोरात, पण ती वेळ कळवळायची नव्हती), सगळे माझ्याभोवती जमले. वहिनी, आयुष्यात एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझं अभिनंदन केलं नव्हतं, आणि केलं तेही माझं चित्र वाकडं आहे म्हणून. मॅडमनी चौकट सरळ करून पाहिली. बाईंनी मान हलवली. त्यांचं बोट चौकटीवर नव्हतंच. खालच्या उजव्या कोपऱ्यात वायपर फिरवून झाल्यावर मी डाव्या हाताने थोडा तपकिरी रंग थोपटला होता, जागा रिकामी दिसते म्हणून. बोट त्यावर होतं. आणि खरं सांगायचं तर तो चुकतोय हे थोपटताना मलाही कळलं होतं.

मग वाचेचा उपचार करणाऱ्या बाईंनी मत दिलं की जिच्यामुळे शब्द फुटतो ती गोष्ट चालू ठेवा. मी आणि माझी चूक ही ती गोष्ट. लेकीने विचारलं, घरी येऊन आईसमोर चित्र काढाल का? अमूर्त चित्रकाराला घरी येऊन चित्र काढा असं कोणी म्हणत नाही, घेऊन जा म्हणतात. मी गेलो. त्यांच्या पुढच्या खोलीत जेवणाचं टेबल आहे, त्यावर त्यांनी जुना पडदा अंथरून दिला. कपाटावर पृथ्वीचा गोल आहे, त्यावर बाईंची लोकरीची टोपी. बाई खिडकीपाशी बसायच्या, मी टेबलाशी उभा. सुरुवातीला मला शाळेत फळ्याजवळ बोलावल्यासारखं व्हायचं. मी रंग ओतला की त्या म्हणायच्या, ‘नको.’ मी वायपर फिरवला की, ‘पुसा.’ एकदा मी फार वेळ विचार करत उभा राहिलो तर ‘चला’ म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला आतून लेकीचा चेहरा दारात यायचा आणि माझं काम बिघडल्याचा आनंद त्यावर मावत नसायचा.

एका दुपारी मी राखाडी रंग पसरला होता आणि पिवळ्याची बाटली उचलली. बाई म्हणाल्या, ‘पुरे.’ मी समजावलं की हा फक्त पाया आहे, खरं चित्र आता सुरू होणार. त्या पुन्हा म्हणाल्या, ‘पुरे,’ आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मला राग आला, वहिनी. एवढं आयुष्य याच कामात घातलं आणि भूगोलाच्या बाईंनी थांबवायचं. पण आजारी माणसाशी वाद कसा घालणार? बाटली ठेवली, चहा घेतला. चहा झाल्यावर टेबलाकडे पाहिलं तर चित्र झालेलं होतं. काहीच करायचं उरलं नव्हतं. मला आनंद झाला असं नाही म्हणता येणार. दिवसभर काखेत धरलेलं ओझं कोणीतरी काढून घ्यावं आणि मग कळावं की आपण ते धरलं होतं, तसं काहीसं झालं. मी खुर्चीत बसलो आणि तिथेच डुलकी लागली. लेकीने उठवलं तेव्हा बाई माझ्याकडे नाही, चित्राकडे पाहत होत्या.

त्यानंतरचा काळ माझ्या कामाचा सगळ्यात चांगला काळ. बाई ‘पुरे’ म्हणायच्या, मी थांबायचो. थांबल्यामुळे माझी चित्रं सुधारली, उपचारामुळे बाईंची वाचा सुधारली. हळूहळू दोन शब्द जोडून यायला लागले, मग तीन, मग अख्खं वाक्य. आणि वाक्याबरोबर, वहिनी, शिष्टाचार आला. एके दिवशी मी मुद्दाम जास्तीचा रंग ओतून थांबलो, ‘नको’ची वाट पाहत. बाईंनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘छान आहे हो. किती कष्ट घेता तुम्ही.’ मी बाटलीला टोपण लावलं. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून पुढच्या खेपेला मी एका बऱ्या चाललेल्या चित्राच्या मधोमध भडक लाल गोल काढला. इतकं वाईट मी जाणूनबुजून कधी काही केलं नव्हतं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसलं. ते ओठांपर्यंत आलंही. मग त्या हसून म्हणाल्या, ‘रंग छान आहे.’

लेक दारात उभी होती. मला हळूच म्हणाली, ‘आई आता अगदी पहिल्यासारखी झाली.’ तिचे डोळे भरून आले होते, आणि मला, खोटं कशाला बोलू, दोन्ही वाटलं. बाई बऱ्या झाल्या याचं सुख होतंच. पण लाल गोल काखेत मारून मी जिना एकेका पायरीवर थांबत उतरलो. निघताना बाईंनी मला थांबवून म्हटलं होतं, ‘तुम्ही येत राहा. रंग नका आणू, नुसते या.’

तर आता मी नुसता जातो. त्या मला नद्यांची माहिती सांगतात, वाक्यंच्या वाक्यं, मध्ये श्वासही न घेता. मी ऐकतो. घरी येऊन वायपर हातात घेतो (नवा आणला आहे, न्हाणीघराने आपला परत नेला) आणि कुठे थांबायचं ते कळत नाही. गेल्या काही दिवसांतली सगळी चित्रं शेवटी काळी झाली आहेत. हिला विचारतो तर ही म्हणते, ‘तुम्हाला बरं वाटत असेल तर बरंच आहे.’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर याहून जास्त कोणी काय म्हणावं?

असो. हात आता कानापर्यंत जातो. तब्येतीची काळजी करू नका, आणि दादाला सांगा, कुंडीतलं झाड ठणठणीत राहण्याचं कारण तुम्हाला कळलं आहे.

तुमचा धाकटा दीर

ता. क. : लिहायचं मुख्य ते राहिलंच. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी चांगली हाताची खुर्ची आहे, उन्हं पायावर येतात, गुडघ्यांना बरी. थोडे दिवस इथे येऊन राहाल का? काही करायचं नाही, बसायचं आणि वाईट दिसलं की वाईट म्हणायचं. कोणाचं मन राखायला तुम्ही खोटं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

ता. क. २ : येणं जमलं नाही तर म्हणून सोबत पुठ्ठ्यांच्या मध्ये एक छोटं चित्र ठेवलं आहे. बघून खरं काय ते कळवा. भीड नको. ‘छान’ हा शब्द उत्तरात मुळीच नको.

ता. क. ३ : दादाला छान वाटलं, असं मात्र लिहायला हरकत नाही. त्याला वाटलं नसलं तरी.